नंदीच्या पायथ्याशी मुरलेली वाइन

स्पेनमध्ये द्राक्षमळा आजोबांकडून नातवंडांकडे जातो, त्यात कुणाला नवल वाटत नाही. बंगळुरूजवळ मात्र एका कुटुंबानं शून्यापासून असा मळा उभा केला, त्यातून तांबडी वाइन काढली आणि जगाला चाखायला लावली. पण वेल लावणं सोपं, तो आपल्या घरात टिकवणं कठीण, हा धडाही याच मळ्यानं दिला.

बंगळुरू म्हटलं की कुणाला संगणक कंपन्या आठवतात, कुणाला लालबाग, कुणाला मसाला डोसा. मराठी माणसाला आणखी एक गोष्ट आठवते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं हे गाव घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्याच जहागिरीत कोलार, होसकोटे आणि दोड्डबळ्ळापूर हे मुलूखही होते. यातलं दोड्डबळ्ळापूर शहराच्या उत्तरेला साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. एका बाजूला यंत्रमागांची खडखड, दुसऱ्या बाजूला लाल मातीची शेतं आणि समोर नंदी डोंगर. टिपू सुलतान उन्हाळ्यात ज्याच्या माथ्यावर हवा खायला जायचा, तोच हा १,४७८ मीटर उंचीचा डोंगर.

याच डोंगराच्या पायथ्याशी १९८८ मध्ये वेगळ्याच द्राक्षांची लागवड झाली. ही द्राक्षं बाजारात टोपलीतून विकायची नव्हती, त्यांची वाइन करायची होती. लावणाऱ्याचं नाव कंवल ग्रोव्हर. ना पिढीजात शेतकरी, ना कन्नडिग. मुंबईत व्यवसाय करणारा हा माणूस परदेशी यंत्रसामग्रीच्या व्यापारानिमित्त फ्रान्सच्या वाऱ्या करायचा. तिथं जेवणाबरोबर वाइन प्यायची सवय लागली, सवयीची आवड झाली आणि आवडीतून एक प्रश्न डोक्यात शिरला. द्राक्षं तर आपल्याकडेही पिकतात, मग चांगली वाइन का होत नाही?

द्राक्ष आहे, पण ते हे नव्हे

प्रश्न साधा होता, उत्तर मात्र साधं नव्हतं. बंगळुरूच्या आसपास द्राक्षं तेव्हाही होतीच. 'बंगलोर ब्लू' ही काळसर निळी, जाड सालीची, उग्र गोड वासाची जात बंगळुरू ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर आणि कोलार भागात पिढ्यान्‌पिढ्या पिकते. २०१३ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. खायला, रस काढायला, जॅम करायला ही द्राक्षं झकास. स्वस्त गोडसर वाइनही त्यांची होते. पण तिचं मूळ अमेरिकी जातीत आहे. युरोपात ज्या वाइनला मान आहे ती 'व्हिटिस व्हिनिफेरा' या द्राक्षकुळातून येते. काबर्ने सॉव्हिन्याँ, शिराझ, मेर्लो, स्पेनचं टेंप्रानियो ही सगळी त्याच कुळातली.

आपल्या नाशिक-सांगलीकडचं थॉम्पसन सीडलेसही व्हिनिफेराच, पण ते खाण्यासाठी वाढवलेलं. खाण्याचं द्राक्ष टपोरं, पातळ सालीचं आणि बिनबियांचं हवं. वाइनच्या द्राक्षाचं सगळं उलटं. मणी लहान, साल जाड, आत बिया. कारण तांबड्या वाइनचा रंग, तुरटपणा आणि बराचसा स्वाद सालीतून येतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पिळला तर तो जवळजवळ पांढराच निघतो. रस सालीसकट आंबवला तरच तो तांबडा होतो.

ग्रोव्हर यांनी एका जाणकाराला गाठलं. त्यांचं नाव जॉर्ज व्हेसेल. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातल्या बूझी गावचे ते महापौर आणि मम या प्रसिद्ध शॅम्पेन कंपनीचे तांत्रिक प्रमुख. हा माणूस भारतात आला. वेगवेगळ्या भागांची माती आणि हवामान तपासलं गेलं. फ्रान्सहून आणलेल्या तब्बल पस्तीस जातींची चाचणी झाली. त्यातल्या बहुतेक बाद झाल्या, थोड्या तगल्या. आणि जागा ठरली ती नंदी डोंगराचा पायथा.

बर्फाविना द्राक्षवेल

नंदीच का? पुस्तकी हिशेबानं तर ही जागा चुकीचीच. वाइनचे जगप्रसिद्ध मळे विषुववृत्तापासून साधारण तीस ते पन्नास अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. नंदी आहे तेरा अक्षांशांवर. युरोपात हिवाळ्यात वेल पानं गाळून झोपी जातो आणि वसंतात जागा होतो. दक्षिण भारतात त्याला झोपच नाही! सोडून दिला तर बारा महिने वाढत राहील आणि चांगलं फळ कधीच देणार नाही.

यावर उपाय आपल्या द्राक्ष बागायतदारांना ठाऊक होताच. वर्षातून दोनदा छाटणी. उन्हाळ्यात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या हंगामाची काडी तयार होते. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. म्हणजे निसर्गानं न दिलेला हिवाळा माळ्याच्या कात्रीनं द्यायचा. फळ धरतं ते कोरड्या, थंड महिन्यांत, आणि तोडणी होते फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते.

अक्षांशाची उणीव उंचीनं भरून काढली. हा परिसर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून अधिक उंच. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा. दिवसाच्या उन्हात द्राक्षात साखर भरते, रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकतो. नुसती साखर असेल तर वाइन बोजड होते, नुसता आंबटपणा असेल तर दात आंबतात. दोन्हींचा तोल साधला की वाइनला चव येते. लाल, निचऱ्याची जमीन हीही जमेची बाजू. पाणी साचलं की वेल माजतो, पाला वाढतो आणि फळ फिकं पडतं.

अडचणी काय कमी होत्या? पाऊस लांबला की केवडा, धुकं पडलं की भुरी. या भागात बारमाही नदी नाही, सगळी मदार विंधन विहिरींवर, आणि त्यांचं पाणी वर्षागणिक खोल जात गेलेलं. ठिबक सिंचनावाचून गत्यंतर नाही. शिवाय वाइनच्या मळ्यात शेतकऱ्याच्या जिवावर येणारी एक गोष्ट करावी लागते. चांगले घड मुद्दाम काढून टाकायचे! वेलावर फळ कमी ठेवलं तर उरलेल्या मण्यांत स्वाद एकवटतो. टनावर पैसे मोजणाऱ्या बागायतदाराला हे पटवणं म्हणजे सोपं काम नव्हे.

रसाची वाइन होते कशी?

तोडणी पहाटे करायची, म्हणजे फळ तापत नाही. घडांचे देठ काढून मणी हलके फोडले जातात आणि रस, साल, बिया सगळं पोलादी टाकीत जातं. यीस्ट साखर खातं, तिचं अल्कोहोल होतं. आंबताना उष्णता निर्माण होते, म्हणून टाकीला थंड पाण्याचं आवरण लागतं. साली वर तरंगून त्यांचा जाड थर बनतो. तो पुन्हा पुन्हा रसात बुडवावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही. काही दिवसांनी साली पिळून बाजूला काढतात. तयार वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. साखर किंवा मळी उकळून, ऊर्ध्वपातन करून काढलेल्या दारूपेक्षा वाइन वेगळी ठरते ती इथं. तिच्यात बाहेरचा स्पिरिट घालत नाहीत.

मग येतं लाकूड. ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात वाइन काही महिने ठेवली की लाकडाच्या बारीक रंध्रांतून तिला जराशी हवा मिळते. तुरटपणा मवाळ होतो आणि लाकडाचा मंद सुवास उतरतो. आपल्याकडे लोणचं मुरतं, तसंच काहीसं हे. घाई केली तर फोड कच्ची लागते.

ग्रोव्हर यांची पहिली वाइन बाजारात यायला १९९२ साल उजाडलं. चार वर्षं पैसा नुसता जात होता. १९९० च्या दशकाच्या मध्याला त्यांनी आणखी एक नाव जोडलं, मिशेल रोलाँ. बोर्दो भागातल्या पोमेरोलचा हा सल्लागार जगभरच्या मळ्यांना वाइन कशी करायची ते सांगत फिरायचा. काबर्ने सॉव्हिन्याँ आणि शिराझ यांचं मिश्रण, फ्रेंच ओकच्या पिंपात मुरवलेलं, असं जे मद्य तयार झालं त्याचं नाव ठेवलं 'ला रिझर्व्ह'.

२००५ मध्ये ब्रिटनच्या 'डिकँटर' मासिकात या तांबड्या वाइनची वाहवा झाली. तिला पसंती देणारे होते स्टीव्हन स्परिअर. हे तेच, ज्यांनी १९७६ मध्ये पॅरिसात डोळे झाकून चव घेण्याची स्पर्धा भरवली आणि कॅलिफोर्नियाच्या वाइननं फ्रेंचांना मात दिली, तेव्हा सगळ्या जगाला धक्का बसला. असा माणूस भारतीय वाइनला चांगलं म्हणतो म्हटल्यावर लंडनच्या दुकानदारांनी बाटली उलटीसुलटी करून लेबल वाचलं तर नवल नाही.

स्पेनच्या आरशात

कुटुंबाचा मळा म्हणजे काय, हे पाहायचं तर स्पेनच्या रिओहा भागात जावं. एब्रो नदीकाठच्या आरो गावात १८७७ मध्ये राफाएल लोपेस दे एरेदिया यांनी आपला वाइनचा व्यवसाय सुरू केला. त्या काळात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्सचे मळे मुळासकट खाल्ले होते. फ्रेंच व्यापारी वाइनच्या शोधात डोंगर ओलांडून रिओहात आले आणि येताना ओकच्या पिंपात वाइन मुरवण्याची आपली रीतही घेऊन आले. म्हणजे स्पेनच्या नामांकित तांबड्या वाइनमागेही फ्रेंच हात आहे, नंदीप्रमाणेच.

नदीच्या वळणावर 'तोंदोनिया' नावाचा सुमारे शंभर हेक्टरांचा मळा या कुटुंबानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लावला. आज चौथी पिढी तो पाहते. पिंपं आपल्याच कारखान्यात बनतात, आणि वाइन कित्येक वर्षं तळघरात पडून राहते, घाई कुणालाच नाही. द्राक्ष मुख्यतः टेंप्रानियो. 'तेंप्रानो' म्हणजे स्पॅनिशमध्ये लवकर. इतर जातींच्या आधी पिकतं म्हणून हे नाव.

तिथं कायदाही सबुरी शिकवतो. रिओहाच्या तांबड्या वाइनवर 'रेसेर्व्हा' लिहायचं तर ती किमान तीन वर्षं मुरायला हवी, त्यातलं निदान एक वर्ष पिंपात. 'ग्रान रेसेर्व्हा' म्हटलं तर पाच वर्षं, त्यातली दोन पिंपात. आपल्याकडे 'रिझर्व्ह' शब्दाला अशी कायद्याची चौकट नाही, तिथं उत्पादकाच्या शब्दावर विश्वास.

पण फरक नुसता वर्षांचा नाही. स्पेनमध्ये वाइन जेवणाच्या ताटाशेजारी असते, सरकार तिच्याकडे शेतीमाल म्हणून बघतं. आपल्याकडे ती दारूच्या रांगेत उभी. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचं मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि मद्याचा विषय राज्यांच्या हाती. त्यामुळं प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, कर वेगळा, लेबलची नोंदणी वेगळी. जाहिरातीवर बंदी. नंदीची बाटली मुंबईत पोहोचेपर्यंत तिच्या अंगावर इतकी ओझी चढतात, की विचारू नका.

महाराष्ट्रानं २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून राज्यातल्या वाइनला सवलती दिल्या. नाशिकमध्ये वाइनरींची रांग लागली ती त्यानंतर. कर्नाटकानं आपलं वाइन धोरण आणलं २००७ मध्ये. दोन्ही धोरणांनी स्थानिक शेतकऱ्याचं भलं केलं, पण दुसऱ्या राज्यातली वाइन परकी ठरली. नंदीतला मळा महाराष्ट्राच्या, म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या वाइन बाजाराच्या कुंपणाबाहेर राहिला.

कुंपण ओलांडताना

इथं मराठी वाचकाला दोन नावं आठवतील. पहिलं शामराव चौगुले यांचं. त्यांनी १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला 'इंडेज' उभी केली आणि फ्रेंच तंत्राच्या मदतीनं फेसाळती 'ओमर खय्याम' परदेशात पाठवली. दुसरं राजीव सामंत यांचं, ज्यांनी १९९९ मध्ये नाशिकला 'सुला' काढली. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इंडेज भराभर वाढली आणि २००८ च्या मंदीनंतर कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. तिला द्राक्षं पुरवणाऱ्या शेतकऱ्यांनाही त्याची झळ बसली. सुलानं बाहेरच्या गुंतवणूकदारांचं भांडवल घेतलं, मळ्यातच पर्यटन वाढवलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात नाव नोंदवलं.

ग्रोव्हर कुटुंबापुढेही हाच पेच होता. वाइनच्या धंद्यात पैसा अडकतो आणि वर्षानुवर्षं सुटत नाही. वेल लावल्यावर तिसऱ्या वर्षी कुठं फळ, मग टाकी, मग पिंप, मग बाटली. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला. त्यात २००८ च्या मे महिन्यात जवळच्याच देवनहळ्ळीला बंगळुरूचा नवा विमानतळ सुरू झाला आणि आसपासच्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले. ज्या जमिनीवर द्राक्षं लावायची ती जमीनच विकली तर जास्त पैसे, असा हिशेब कुणाच्याही मनात यावा. मळा मात्र टिकला.

कंवल यांच्यानंतर मुलगा कपिल ग्रोव्हर यांनी सूत्रं सांभाळली. तिसऱ्या पिढीची करिश्मा ग्रोव्हर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात द्राक्षशेती आणि वाइननिर्मिती शिकून आली आणि वाइनरीत कामाला लागली. आजोबांनी फ्रेंच पाहुण्याला विचारून जे केलं, ते नात स्वतः शिकून करू लागली. स्पेनमधली साखळी आता इथंही जुळली, असं वाटण्याजोगाच हा क्षण.

पण २०१२ मध्ये वेगळं वळण आलं. ग्रोव्हर व्हिनियार्ड्स आणि नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरीजवळच्या सांजेगावची 'व्हॅले द व्हँ' या दोन कंपन्या एकत्र आल्या. नाशिकच्या कंपनीचा 'झाम्पा' हा ब्रँड होता, म्हणून नवं नाव झालं 'ग्रोव्हर झाम्पा'. एक पाय कर्नाटकात, एक महाराष्ट्रात. ज्या कुंपणानं अडवलं होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना आता मळा होता. २०१८ मध्ये दिंडोरी तालुक्यातली 'चारोसा' वाइनरीही याच कंपनीकडे आली. या चारोसाची ओळख कशासाठी? तिच्या टेंप्रानियोसाठी! स्पेनच्या एब्रोकाठचं द्राक्ष नाशिकच्या डोंगराळ मातीत रुजलं होतं आणि आता ते बंगळुरूच्या मळ्याचं भावंड झालं.

या सगळ्यासाठी भांडवल लागलं, आणि भांडवलाबरोबर भागीदार आले. सिंगापूरस्थित गुंतवणूकदार रवी विश्वनाथन यांनी कंपनीत मोठा हिस्सा घेतला. म्हणजे बाटलीवर घराण्याचं नाव राहिलं, मालकी मात्र एका घराची राहिली नाही. यात कुणाचा पराभव शोधायचं कारण नाही. मळा मोडून प्लॉट पाडण्यापेक्षा मळा वाढवून वाटा देणं शहाणपणाचंच. पण चार पिढ्या एकाच कुटुंबाच्या हाती मळा राहावा, तर नुसती जिद्द पुरत नाही. मुरायला लागणारा वेळ कायद्यानं आणि बँकेनंही द्यावा लागतो. स्पेनला तो मिळाला, आपल्याकडे अजून मिळायचाय.

घरात बाटली आली तर

वाइनबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं आहेत. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळानं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. एका बाजूला द्राक्ष बागायतदाराच्या उत्पन्नाची बाजू, दुसऱ्या बाजूला व्यसनानं उद्ध्वस्त झालेल्या घरांची. दोन्ही खऱ्या.

तांबडी वाइन हृदयाला चांगली, असं १९९० च्या दशकात फार ऐकू यायचं. फ्रेंच लोक चरबीयुक्त खाऊनही हृदयविकारापासून वाचतात ते वाइनमुळं, असा तेव्हाचा तर्क. आजचं शास्त्र इतकं उदार नाही. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा औषध म्हणून वाइन प्यायची गरज नाही. गर्भवतींनी, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आणि गाडी चालवणाऱ्यांनी तर तिच्या वाटेला जाऊ नये.

ज्यांना चाखायचीच आहे त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. तांबडी वाइन घरच्या तापमानाला द्यावी, हा नियम युरोपातल्या थंड घरांचा. मुंबई-नागपूरच्या उकाड्यात ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, सोळा ते अठरा अंश पुरे. पेला अर्ध्याहून कमी भरावा, वास घ्यायला जागा राहते. झणझणीत तांबड्या रश्शाबरोबर तिचा तुरटपणा कडू लागतो. सौम्य मसाल्याचं मटण, भाजलेलं वांगं, मशरूम किंवा चीज यांच्याशी तिचं चांगलं जमतं. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर तिचा व्हिनेगारकडे प्रवास सुरू होतो.

नंदी डोंगरावर पहाटेचे ढग बघायला बंगळुरूकरांची दर रविवारी झुंबड उडते. परतीच्या वाटेवर दोड्डबळ्ळापूरकडे वळलं की तारांवर चढवलेल्या वेलांच्या सरळ रांगा दिसतात. गोडी छाटणीनंतर त्या उघड्याबोडक्या असतात, वाळलेल्या काटक्याच जणू. आठ-दहा दिवसांत त्यांना डोळे फुटतात. १९८८ पासून दर वर्षी हे असंच चाललंय. मालकीच्या कागदावर नावं बदलली, पण छाटणीचा महिना काही बदललेला नाही.